मंगळ्यासोबत गेलेला नंबर

मंगळ्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. धरमतरच्या जेटीवर बार्जमधला कोळसा उतरवायला तो सात वर्षं होता. तिथल्या वजनकाट्यावर गाडी चढली की लाल आकडे उजळायचे, ते बघून बघून त्याचे सगळे पाठ झाले. त्याची बायको पारी याची भारी मिजास मारायची. रोह्याच्या बाजारात नदीतले खेकडे विकायला बसली की गिऱ्हाइकालाही सुनवायची, "माझा माणूस अंगठेबहाद्दर हाय, पण आकड्यात कुणाला ऐकायचा नाय."

त्यांची वाडी कुंडलिकेच्या काठाला, रोह्यापासून चालत तासाभराची. त्या वाडीतली पोर विमानात बसेल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्यांची वनिता बसली. आश्रमशाळेत बारावी झाली, पेणला कॉलेज केलं, मग विद्यापीठात गेली आणि तिथून पाच महिन्यांसाठी फिनलंड नावाच्या थंड देशात तिची निवड झाली. इकडचे विद्यार्थी तिकडे जायचे नि तिकडचे इकडे, अशी ती अदलाबदल. पारीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली. म्हणाली, "मंग तिकडची पोर आपल्याकडं राहाया येनार काय गो? तिला मी काय खायला घालू?" वनिता हसून हसून लोळली होती.

जाताना वनितानं आपलं सिमकार्ड बापाच्या बटनवाल्या फोनात घातलं. तिकडे ते चालवायचा रिचार्ज परवडणारा नव्हता. आणि नंबर तर सगळीकडे तोच लावलेला. बँकेला तो, शिष्यवृत्तीला तो, तिकडच्या विद्यापीठाच्या खात्यालाही तोच, कारण ते खातं तिनं निघण्याआधी इथूनच उघडलं होतं. झालं काय, की तिनं तिकडे कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला की सहा आकड्यांचा ओटीपी इकडे कुंडलिकेच्या काठी येऊन पडायचा. दहा मिनिटांत तो तिला पोचला नाही तर गेला फुकट. म्हणजे पोरगी बर्फात आणि तिच्या वर्गाच्या दाराची किल्ली बापाच्या खिशात!

मंगळ्या ते काम असं करायचा की जणू सरकारनं त्याला नेमलाय. फोन वाजला की हातातलं टाकून आधी पुतण्याला, गोरखला, फोन लावायचा. गोरख कंपनीत शिफ्टला जातो, त्याच्याकडे टचचा फोन. मंगळ्या एकेक आकडा सांगायचा आणि गोरख तो व्हॉट्सअ‍ॅपवर वनिताला धाडायचा. गडब गावाला भातकापणीला गेला तरी फोन गळ्यातल्या पिशवीत. विळा टाकून बांधावर पळताना बघून शेतमालक वैतागला, "काय रं, तुझ्या काय मोठ्या कंपन्या चालल्यात?" मंगळ्या म्हणाला, "पोरीचं दार उघडायचं हाय शेठ." मालकानं हातानं जा म्हणून खुणावलं. नाहीतर काय करेल?

त्याच गडबच्या शेतात नोव्हेंबरात एका दुपारी मंगळ्या छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. टेम्पोत घालून आणलं तेव्हा अंग गार पडलं होतं. वनिताला गोरखनं कळवलं. तिला येता येणं शक्य नव्हतं, आणि मेलेलं माणूस तरी किती वेळ ठेवणार? फोनच्या पडद्यावर तिनं बापाचं तोंड बघितलं, बस्स.

त्या वाडीत माणसाला नदीच्या वरच्या अंगाला पुरतात, आणि त्याचं जे लाडकं असेल ते उशाशी ठेवतात. कुणाचा कोयता, कुणाची तंबाखूची डबी. मंगळ्याच्या उशाशी काय ठेवायचं याचा विचार कुणालाच करावा लागला नाही. पारीनं स्वतःच्या हातानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, वर सुतळी बांधली आणि ठेवला. मंगळ्याची म्हातारी मावशी ठमाबाई सगळे विधी सांगत होती, तीही म्हणाली, "बरं केलंस. जीव व्हता त्याचा त्याच्यात." सगळ्या वाडीनं माना हलवल्या. शिकलेला गोरखसुद्धा तिथं उभा होता, पण रडणाऱ्या माणसाला सिमकार्ड आठवतं होय?

पाचव्या दिवशी वनिताचा फोन आला. गोरखनं तो पारीच्या कानाला लावला.

"आये, बाबाचा फोन चालू करून ठेव. परीक्षेला नाव घालायचंय. शुक्रवारपर्यंतच हाय. सकाळपासून ओटीपी मागवतेय, गोरखदादाकडून काय येतच नाय."

 खोटं बोलावं असं पारीच्या एकदा मनात आलं, पण काय बोलणार? "वने," ती म्हणाली, "फोन मी त्याच्यासंगं दिला गो."

 मग वनिता म्हणाली, "बरं केलंस, आये." "बघते मी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ते "बघते मी" पारीच्या काळजात रुतून बसलं. तिनं गोरखला खोदून खोदून विचारलं, नाव नाही घातलं तर काय होतं. गोरखनं लपवलं नाही. नाव नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पाच महिने पाण्यात, आणि शिष्यवृत्तीही परत मागतील. पारीनं कपाळावर हात मारून घेतला. नवरा गेला तो देवानं नेला, पण पोरीचं दार आपण आपल्या हातानं बंद केलं, हे तिला सोसेना.

दुसऱ्या दिवशी दोघं रोह्याला सिमच्या दुकानात गेली. काउंटरवर निलेश नावाचा पोरगा होता, चांगल्या वळणाचा. त्यानं नंबर टाकून बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे कार्ड मंगळ्या यांच्या नावावर आहे." तसं ते होतंच. घेतलं तेव्हा वनिता अठराची नव्हती, म्हणून बापाच्या आधारवर घेतलेलं. "दुसरं कार्ड मिळेल, पण त्यांना स्वतः यावं लागेल. अंगठा द्यावा लागतो."

"तो मेलाय बाबा," पारी म्हणाली.

निलेश ओशाळला. मग मृत्यूचा दाखला लागेल, वारसाचे कागद लागतील, वर पाठवावे लागतील, असं सांगू लागला. पंधरा दिवस तरी धरा, म्हणाला. त्याचा काय दोष? नियम त्यानं थोडेच केले होते? पारी तिथंच स्टुलावर बसली आणि काचेखाली मांडलेल्या नव्या फोनांकडे बघत राहिली.

परतीच्या वाटेवर गोरख हळूच बोलला, "काकी, कार्ड खराब झालं नसंल. पिशवीत हाय." पारीच्याही मनात तेच होतं.

माती उकरून फोन काढायचा हे ऐकल्यावर ठमाबाई तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. "लावलेली माती उघडायची नसती गो. तो वाटंला लागलेला असतो. उकरलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, मंग तो ना इकडचा ना तिकडचा. करायचं तं कर, मी व्हय म्हननार नाय."

पारीला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मंगळ्या वाटेत अडकला तर त्याला कोण सोडवणार? आणि पोरगी अडकली तर तिला? मंगळ्याला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी उठून तिनं फावडं घेतलं.

गोरख शिफ्टवरून येईपर्यंत गुरुवारची दुपार झाली. तो सोबत होता, पण माती तिनं त्याला काढू दिली नाही. "मी ठेवलं, मीच काढीन." उशाकडचे दगड तिनं बाजूला केले, थोडी माती फावड्यानं ओढली आणि पुढची हातानं. ठमाबाई शेवटी आलीच, पण लांब नदीकडे तोंड करून बसली. पारी मनातल्या मनात नवऱ्याशी बोलत होती, "तुला नाय बोलवत. तू नको उठू. मला फक्त फोन पायजे." कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटाला सुतळी लागली.

गोरखनं पिशवी सोडली. फोन बंद होता, पण कोरडा होता. सिम काढायला त्यानं मागचं झाकण उचकटलं, तेवढ्यात त्याच्याच खिशातला फोन वाजला. वनिता होती. त्यानं तो पारीच्या कानाला धरला, तिचे हात मातीनं भरलेले होते.

"आये, झालं गो! नाव घातलं मी." वनिता एका दमात बोलत होती. "इथं हापिसात एक बाई बसते, तिला सगळं सांगितलं. तिनं माझा पासपोर्ट बघितला, माझ्या तोंडाकडं बघितलं, नि इथला नंबर लावून दिला. पाच मिनटं लागली, आये. मीच खोलीत पडून रडत बसलेले, नायतर तवाच झालं असतं."

 "बरं झालं गो," पारी म्हणाली.

"आनि आये, ऐक. कुनी काय सांगितलं तरी बाबाचा फोन काढू नको हां. त्याच्यापाशीच राहू दे. माझी शप्पत हाय तुला."

पारीनं पायाशी उघड्या पडलेल्या मातीकडे बघितलं.

"नाय काढत," ती म्हणाली. "कशाला काढू?"

गोरखनं फोन बंद केला आणि तोंड फिरवलं. मातीच्या हातांनीच पारीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मंगळ्या गेला त्या दिवशीही रडली नव्हती इतकी ती रडली. ठमाबाई उठून आली. रागावली नाही. मंगळ्याचा फोन तिनं झाकण लावून पुन्हा पिशवीत घातला, सुतळीची गाठ मारली, होता तिथं ठेवला आणि गुडघ्यावर बसून माती लोटायला लागली. पारीही शेजारी बसली.

"मावशे," थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्याला वाटलं असंल काय गो, मी बोलावलं म्हनून?"

 दोघी माती लोटत राहिल्या.