भोंग्याने घेतलेली मीटिंग

माझी ड्युटी कधी संपते हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत असतं.

मी नेरळला घरूनच ऑफिसचं काम करतो. म्हणजे सकाळी जो कॉम्प्युटरसमोर बसतो, तो भाजी गार झाली तरी उठत नाही. शेवटी बायकोने, सरिताने, उपाय काढला. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तिने एक छोटासा टायमर बसवला. सुटायला किती वेळ उरला ते तो दाखवायचा आणि वेळ भरली की भोंगा वाजवायचा. साधासुधा नाही, गिरणीचा भोंगा! (आवाज बाबांनी निवडला होता.)

बाबांची सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात झालेली. भोंगा झाला की डबा उचलायचा, हा त्यांचा धर्म! पहिल्या दिवशी टायमर वाजला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता कसं, नोकरीवानी नोकरी वाटतीय रं!" म्हणाले.

आणि मग ती मीटिंग आली. माझी बढती तिच्यावर टांगलेली. पुण्याहून मोठे साहेब, इतर बारा गावचे लोक, आणि मी माझी स्क्रीन सगळ्यांना दाखवत आकडे समजावतोय. मीटिंग लांबली. टायमरला त्याचं काय!

भोंऽऽऽऽ!

मी घाईघाईने तो बंद करायला गेलो आणि चुकून मोठा केला. आकडे गेले, पडदाभर लाल रंग आला आणि त्यावर सरिताने लिहून ठेवलेला मजकूर: 'उठा आता! घरातसुद्धा माणसं राहतात!'

कोणी हसेना. हसले असते तर बरं झालं असतं!

तेवढ्यात दार उघडून बाबा आत. अंगात गंजी, खांद्यावर टॉवेल.

"अरं, भोंगा झाला ना? ऊठ की!"

"बाबा, मीटिंग चालू आहे! साहेब बघतायत!"

"कुठं हायत साहेब?" बाबा कॅमेऱ्यात वाकले. आता पुण्यात फक्त बाबांचं कपाळ दिसत असणार. "नमस्कार साहेब! तुमची ड्युटी कवा सुटते?"

साहेब हळूच म्हणाले, "सुटतच नाही हो, काका."

"मंग जेवता कवा?"

"आज दुपारचं राहिलंच."

"अगं बाई!" दारातून आई ओरडली. "उपाशी बसवलंय होय रं त्यांना? काय तुझी मीटिंग!"

(बसवलं मी! साहेबांना! मी!)

"आपण उद्या बोलू," असं म्हणून साहेबांनी मीटिंग संपवली. मी डोकं धरून बसलो. सरिता शेजारी येऊन बसली. "मी ते वाक्य लिहायला नको होतं रे," म्हणाली. तिचा चेहरा बघून मलाच तिची समजूत घालावी लागली.

रात्री जेवताना साहेबांचा फोन. माझा घास तोंडातच राहिला.

"तो भोंगा मला पाठव," साहेब म्हणाले. "आणि काकांना सांग, मी आत्ता घरी जेवतोय. मुलगी विचारत होती, आज सुट्टी आहे का म्हणून."

बढतीही मिळाली. हल्ली साहेब भोंगा झाला की उठतात आणि घरी जातात. त्यांचं उरलेलं काम ते एका विश्वासू माणसाकडे पाठवतात. तो माणूस मी! ते उरकेपर्यंत बाबा आत येऊ नयेत म्हणून मी हल्ली खोलीला आतून कडी लावून बसतो.