कोपीतला समुद्र

मी दहावीला असताना ऊस तोडताना उसाचं धारदार पान माझ्या वडिलांच्या, आबांच्या डाव्या डोळ्यात घुसलं. तरी ते फडातून उठले नाहीत. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण बसला की जोडी मोडली, आणि मोडकी जोडी मुकादम ठेवत नाही. आईनं डोळ्यावर फडकं बांधलं. जखम भरली, बुबुळावर पांढरा डाग राहिला.

पुढं मी नगरला वसतिगृहात राहून चित्रकलेची पदवी करू लागले. शेवटच्या वर्षाला समुद्रावरचा सूर्यास्त काढायचा होता. सहलीत एकदाच पाहिलेला समुद्र मी जाड, तुटक फटकाऱ्यांनी रंगवला. कुठं रेघ नाही, कड नाही. लांबून पाणी, जवळून नुसते डाग. जमा करण्याआधी एसटीनं नेवाशाकडच्या फडावर नेला. कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, पाचटाच्या भिंतीला टेकवला. गुर्मीच होती मला.

आई म्हणाली, "तीन वर्षं हेच शिकली व्हय? भितीवर शेण फेकल्यागत दिसतंय की!"

"लांबून बघ गं. आबा, तुम्हीपण चार पावलं मागं व्हा."

आबा उलट पुढं आले, नाक टेकेल इतके. "मागं कशाला? लई ब्येस काढलंय. मला समदं असंच दिसतंय."

मी हसले. आई हसली नाही.

"समदं म्हंजे?" मी विचारलं.

"तुझं तोंडबी."

आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. दोन हंगाम आई शेजारून "डावीकडं, आणिक खाली" असं हळूच सांगत होती, आणि ते तिच्या आवाजावर कोयता चालवत होते. त्यांच्या नडगीवरचे वार मी तेव्हा पाहिले.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझी परीक्षा व्हती," आई म्हणाली.

"उद्या दवाखान्यात चला."

"जोडी मोडंल, पोरी," आबा म्हणाले.

"मी उभी राहते तुमच्या जागी."

मुकादम म्हणाला, "कॉलेजवाली दुपारपत्तोर टिकंल का?" पण ठेवून घेतलं. आबा माझ्या चुलत्यांबरोबर ऑपरेशनला नगरच्या सावेडीतल्या दवाखान्यात गेले. मी पंधरा दिवस आईबरोबर ऊस तोडला. हात सोलून निघाले, ब्रश धरवेना. चित्र चुलत्यांबरोबर नगरला पाठवलं होतं, ते मैत्रिणीनं जमा केलं. तोंडी परीक्षेला मी हाताला चिंध्या बांधून गेले.

आबांना उजव्या डोळ्यानं स्वच्छ दिसू लागलं. डावा मात्र त्या जुन्या जखमेनं कायमचा गेला होता. मी द्वितीय श्रेणीत पास झाले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली.