अनसिंगच्या बाया बर्फावर

आम्हा भाजीवाल्या बायांच्या गटातल्या दोघी बाजारात शेजारी बसल्या, की गिऱ्हाईक ताटकळतं आणि हिमाचलचा विषय निघतो. तिकडे आठवडाभरच होतो, पण किस्से एवढे साठलेत की मेथीच्या जुड्या बांधून संपतात, ते संपत नाहीत.

माझी भाची शीतल तिकडे नवशिक्यांना बर्फावर चालायला आणि स्की चालवायला शिकवते. तिनं बोलावलं आणि तुरी निघाल्यावर आम्ही तिघी निघालो. मी, रुखमाबाई आणि कमलवहिनी. चौथे वहिनींचे मालक, भाऊराव. ते आमच्यावर लक्ष ठेवायला.

निघायच्या आधी आम्ही विहिरीवर पालक धूत असताना भाऊरावांनी वहिनींना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शेवटच्या दिवशी टेकडीवर जा लागते म्हने. मधातून परत फिरली, तं पुन्हा गावाबाहीर जायाचं नाव काढाचं नाई."

वहिनी म्हणाल्या, "आन् पोचली तं?"

भाऊराव पालक धुवायला लागले. त्यांनी जन्मात कधी पालक धुतला नव्हता.

*

शीतलनं फोनवर सांगितलं होतं, घसरायची थोडी सवय करून या. आता आमच्या अनसिंगात बर्फ कुठून आणायचा? आम्ही पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि खळ्यातल्या सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावरून घसरलो. घसरलो मस्त, पण नंतर दोन दिवस नुसत्या खाजवत बसलो.

हे ऐकून शीतल फोनवर म्हणाली, "मावशी, बर्फानं खाज सुटत नाही."

रुखमाबाई म्हणाली, "मंग सोपं हाये."

*

पहिला धडा कपड्यांचा. पातळ पातळ कपडे एकावर एक घाला आणि निघताना थोडी थंडी वाजू द्या, चालायला लागलं की अंग तापतं. रुखमाबाईनं ऐकलं नाही. तीन स्वेटर, वरून नवऱ्याचा कोट आणि त्यावर शाल. थोडं चाललो की तिला घाम. मग ती एकेक कपडा काढून देवदाराच्या फांदीवर टांगत निघाली.

परतताना वाटेत धुकं आलं. आमच्याबरोबर शिकायला आलेली पंजाबची मंडळी गोंधळली. रुखमाबाई म्हणाली, "घाबरू नका, माहे स्वेटर पाहात चाला." तीनही स्वेटर सापडले, कोट दिसला, शाल दिसली आणि मागोमाग आमचा मुक्कामाचा तंबूही. धुकं आलं की वाटेवर खूण हवी, हे शीतल उद्या शिकवणार होती.

*

बर्फावर चालायला बुटाखाली रुंद, जाळीची चप्पल बांधतात. पाय फाकवून, गुडघा उचलून टाकायचा, नाही तर स्वतःच्याच चपलेवर पाय पडतो. बाकीचे पटापटा पडत होते. आम्ही तिघी सरळ पलीकडे.

तिथला मास्तर म्हणाला, "आप लोग पहले कर चुके हो?"

वहिनी म्हणाल्या, "हर साल. बारिश में, काली मिट्टी में."

*

स्कीवर तोल गेला तर बाजूला बसून घ्यायचं, हा नियम. भाऊरावांना तो पटेना. "मानसानं आपल्या मनानं कायले पडाव?" असं म्हणून ते उभ्यानं घसरत गेले, ते थेट स्वयंपाकाच्या तंबूत. आचारी शांतपणे म्हणाला, "दाल अभी बनी नहीं."

त्याच दुपारी वहिनी पडल्या. उठायचं तर उताणं व्हायचं, दोन्ही पाय वर करून स्की सरळ करायच्या आणि कुशीवर वळायचं. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकपँटमध्ये, समोर मालक.

"आवो, तोंड तिकडं करा."

भाऊरावांनी तोंड फिरवलं, त्याबरोबर त्यांच्या स्कीही फिरल्या. वहिनी उठल्या तेव्हा ते पडलेले होते.

*

शेवटच्या दिवशी सकाळी उठलो तर गुडघाभर नवा बर्फ. शीतल म्हणाली, "पुढच्यानं वाट पाडायची, बाकीच्यांनी त्याच्या पावलात पाऊल टाकायचं. दमलं की बाजूला होऊन सगळ्यात मागं जायचं."

भाऊराव न विचारता पुढं झाले. गावातही ते पुढं आणि वहिनी मागं, असंच चालतात. पण नव्या बर्फात लवकरच त्यांचा श्वास फुलला आणि ते मुकाट शेवटी गेले. मग रुखमाबाई, मग मी. चढ लागला आणि पाळी आली वहिनींची.

मागून भाऊरावांचा आवाज आला, "जमत नसन तं सांग, परत फिरू."

वहिनींनी वळून पाहिलं नाही. अर्ध्या चढावर त्या कमरेपर्यंत खचल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई पुन्हा गावाबाहेर पडत नाही. वहिनींनी काठीनं बर्फ उकरला, एक पाय काढला, दुसरा काढला आणि निघाल्या. टेकडीवर पोचून दोन्ही काठ्या रोवल्या आणि म्हणाल्या, "पोचली मी."

भाऊराव सगळ्यात शेवटी आले, वहिनींच्या पावलात पाऊल ठेवत. मला तर रडूच आलं.

अनसिंगच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. वहिनींनी बॅग उचलली आणि चालू लागल्या. भाऊराव थोडे थांबले, मग त्यांच्या मागं निघाले. पानठेल्यावरून कोणी तरी हाक मारली, "काहून भाऊराव, आज मांगं?"

भाऊराव म्हणाले, "थे वाट पाडून राह्यली."