पाण्यावरच्या घरातलं लग्न

सिंगापूरहून बिंतानला जाणारी फेरीबोट सुटली आणि मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कानातलं गाणं बंद केलं. ही २०१४ सालची गोष्ट. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्या दिवसांत मी घर, नोव्हेना भागातली लॅब आणि लायब्ररी एवढ्यातच फिरत होते. काहीतरी बघायला उतावीळ झालेली आई तिला नवीन होती.

आम्ही निघालो होतो लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीच्या मावशीकडे. मैत्रीण सिंगापूरची मलय. मावशी इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर, कोळ्यांच्या गावात राहणारी. मावशीच्या मुलीचं लग्न होतं. मी मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलं होतं, की गाव बघेन, स्वयंपाकाला हात लावेन, पण विधींच्या वेळी मागे बसेन. तिला वाटलं, मला गर्दी आवडत नाही. कारण वेगळं होतं. सिंगापुरातल्या ओळखीच्या मराठी घरांत त्या वर्षी हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, मी गेले नव्हते. बोलावणाऱ्या बायका मनापासून बोलवत होत्या. पण कुंकवाचा करंडा माझ्यापुढे आला की कुणीतरी क्षणभर थबकणार, आणि तो क्षण मला कुणाच्याही चेहऱ्यावर बघायचा नव्हता.

गाव जमिनीवर नव्हतंच. समुद्रात रोवलेल्या खांबांवर लाकडी घरं, घरांमधून फळ्यांची वाट, फळ्यांच्या फटींतून खाली भरतीचं हिरवं पाणी. मी सारखी थांबत होते. मैत्रीण पुढे जाऊन हाका मारी, आणि मी पुन्हा कुठेतरी थांबलेली असे. एका ओसरीवर दोन बायका चटई विणत होत्या. केवड्याच्या जातीची पात, काटे काढून, उकळून, वाळवून रंगवलेली. मी विचारून एक पात घालून बघितली. ती लगेच सुटली. त्या हसल्या, पुन्हा घालायला लावली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी माझी बोटं धरूनच विणलं. ती एवढीशी वीण बसली तेव्हा मला पुस्तकातलं अवघड पान उलगडल्यासारखं वाटलं.

मावशीला सगळा गाव माकचिक म्हणत होता, म्हणजे काकू. आम्हीही तेच म्हणू लागलो. घरामागच्या फळ्यांवर शेजारणी स्वयंपाकाला जमल्या होत्या. तिथे लग्नाचा स्वयंपाक शेजारणीच मिळून करतात. पाहुणी म्हणून कुणी सुटत नाही. माझ्यापुढे वाटलेल्या माशाचं लालभडक सारण आलं. ते झावळीच्या पातीत भरायचं, दोन्ही टोकं हिराच्या, म्हणजे झावळीच्या काडीच्या, तुकड्याने टोचायची आणि निखाऱ्यावर भाजायचं. नाव ओताक-ओताक. हीर हातात आल्यावर मला हसूच आलं. लहानपणी कोकणात पत्रावळी लावताना हेच हीर बोटांत घुसायचे. माझा हात चालायला लागला. माकचिकने माझी एक पुडी उचलली, उलटसुलट बघितली आणि मैत्रिणीला म्हणाली, हिला इथेच ठेवून जा. माझी मुलगी पुड्या सोलून इतक्या खात सुटली, की बायकांनी तिला झारा दाखवून निखाऱ्यापासून हाकललं.

दुपार कलल्यावर मधल्या खोलीत नवरीला बसवलं. तबकात हळदीने पिवळे केलेले तांदूळ, लाह्या, सुगंधी पाण्यात बुडवलेली पानांची जुडी आणि वाटलेली मेंदी. अक्षता आणि लाह्या! दारामागे बसलेली मी केव्हा उंबऱ्यापर्यंत सरकले, कळलंच नाही. एकेक वडीलधारी बाई पुढे येई, तांदूळ-लाह्या उधळी, पानांनी नवरीच्या हातांवर पाणी शिंपडी, तळव्यावर मेंदीचा ठिपका लावी. सुरुवात माकचिकने केली होती.

चार-पाच जणी झाल्यावर तिने मला हात केला. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पुन्हा बोलावलं. बायका वळून बघू लागल्या. मी मैत्रिणीच्या कानात सांगितलं, की मी विधवा आहे, वर्षही झालेलं नाही, मी नवरीला हात लावणं बरं नाही, तू काहीतरी कारण सांग. तिला कारण सुचलं नाही. तिने माझं बोलणं जसंच्या तसं मलयमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मी खाली फटीतल्या पाण्याकडे बघत राहिले. मग वर बघितलं तर त्या सगळ्या चेहऱ्यांवर नुसता गोंधळ होता. माकचिक बोलली आणि मैत्रीण एकेक वाक्य मला सांगत गेली.

"माझाही गेला. होडीसकट गेला. मग मी आत्ता हे काय केलं?"

तिने तबकाकडे बोट दाखवलं आणि मैत्रिणीकडे वळली.

"विचार तिला, संसार सुखाचा झाला का?"

"झाला," मी मराठीतच म्हणाले. ते मैत्रिणीला मलयमध्ये सांगावं लागलं नाही.

"मग तेच माझ्या मुलीला दे. ये लवकर, मेंदी वाळतेय."

मागून माझ्या मुलीने मला ढोसलं. "आई, जा ना, गो लाह."

मी उठले. तांदूळ मुठीत घेतले आणि सवयीने सरळ नवरीच्या डोक्यावर टाकले. तिथे खांद्यांवरून हलकेच उधळतात, हे इतका वेळ बघूनही माझ्या हाताला कळलं नव्हतं. एक लाही तिच्या पापणीवर अडकली. ती हसू दाबत होती, आणि मागच्या बायकांनी तेवढंही केलं नाही. मेंदीचा ठिपका चांगला रुपयाएवढा झाला. तिचा तळवा गरम होता. मी तो धरून मनातल्या मनात जे सांगायचं ते सगळं सांगितलं, आणि ते बरंच लांबलं असावं, कारण शेवटी माकचिकने माझा खांदा धरून मला बाजूला सरकवलं. दाराकडे नाही, तर बायकांच्या रांगेत, स्वतःच्या शेजारी. तिथून नवरी अगदी समोर दिसत होती.