शेवटपर्यंत तपासणी

बंगळुरूच्या कोरमंगलातल्या त्या दुकानदाराचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या चिमुकल्या लॅपटॉपला जोडायला डीव्हीडी ड्राइव्ह हवा होता. चालतो का बघायला त्याने मी सोबत नेलेली सिनेमाची डिस्कच लावली. चित्र लगेच दिसलं.

"चालतोय की! द्या," मी म्हणालो.

"थांबा अण्णा, मध्येच अडकला तर?" चष्मा पुसून तो खुर्चीत रेलला. पडद्यावर खून झाला, तेव्हा त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मध्यंतराला चहा मागवला. शेवटी मी वैतागलो, तेव्हा कुठे त्याने ड्राइव्ह खोक्यात भरून दिला.

घरी उघडतो तर आत डिस्कच नाही!

तणतणत परत गेलो. दुसऱ्या ड्राइव्हवर माझाच सिनेमा चालू होता. नजर न हटवता त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, स्वल्प राहिलंय. खुनी कोण, तेवढं तपासू."

मी उरलेलं शटर ओढलं आणि बसलो.