पानिपतहून आणलेल्या दोन बंदुका

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता ती नाही. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मला ओळखत नाही — उद्या भाजी घेताना समोर आलात तरी मला तोंड लपवावं लागणार नाही. धीट बाई म्हणून माझं नाव आहे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या ब्लॉकमध्ये अजूनही कुणी पाहुणा आला की सांगतात, या मॅडम बंदूक चालवतात. मी हसते. काय करणार?

शुभदा आणि मी शेजारशेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. ती साताऱ्याची, मी नाशिकची, दोघी वेगवेगळ्या मंत्रालयांत. चाळिशी उलटल्यावर बायका योगाला जातात, आम्ही हरियाणात सोहन्याच्या पुढच्या एका शूटिंग क्लबात जायला लागलो. आधी एअर पिस्तूल, मग परवाने, आणि मग ते वेड — एकाच फेरीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, तिन्ही आळीपाळीनं चालवायच्या, पळत, घड्याळाशी झुंजत. त्यात सगळं अडतं ते शॉटगनवर. रायफल भरून मिळते, पिस्तूल भरून मिळतं. शॉटगनमध्ये मात्र पळता पळता पट्ट्यातून एकेक काडतूस काढून अंगठ्यानं आत सारावं लागतं. बंदूक हाताला बसली नाही तर तुम्ही कितीही चांगले नेमबाज असा, हराल. आणि क्लबातल्या सगळ्या शॉटगन पुरुषांच्या मापाच्या. दस्ता एवढा लांब की माझी मान अवघडायची, शुभदाच्या खांद्यावर निळे डाग पडायचे.

पानिपतचे ते वृद्ध गृहस्थ शुभदानंच शोधून काढले. त्यांचं नेमबाजीचं वय सरलं होतं आणि त्यांच्याकडे बारा बोअरच्या दोन ऑटोमॅटिक शॉटगन होत्या, दोन्ही आखूड दस्त्याच्या. आम्ही निघालो तेव्हा तिचा नवरा म्हणाला, मराठी माणसांनी पानिपतला जपून जावं. वाटेत मुरथलला पराठे खाल्ले, येताना तिथले जाड सुती खेस पांघरायला घ्यायचे ठरवले. इतकी खूश होते मी त्या दिवशी — हे आठवलं की माझीच मला किळस येते.

एक बंदूक बघताक्षणी माझी झाली. काडतूस सारायची खाच कुणीतरी कानशीनं घासून रुंद केली होती, अंगठा अडकत नव्हता, तोल असा की हातात घेतल्यावर वजन जाणवेना. दुसरीही वाईट नव्हती. पण दुसरी. आणि शब्द शुभदाचा होता — माणूस तिनं शोधला, पहिली निवड तिची. ती मात्र म्हणाली, तुला यातलं कळतं, तू बघ, आणि घरातल्या आजींनी हाक मारली म्हणून त्या गृहस्थांबरोबर आत चहाला गेली.

मी दुसरी बंदूक उचलली. रिकामी असल्याची खात्री केली, चाप अडवणारं सेफ्टीचं बटण लावलं, चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, काही नाही. मग बोट जरा तिरपं पडलं — आमची बोटं लहान, ती चापाच्या कडेवरच पडतात — आणि आत खट्ट झालं. सेफ्टी लावलेली असताना. पुन्हा करून पाहिलं. सरळ ओढलं की अडायचं, तिरपं ओढलं की कधी अडायचं, कधी सुटायचं.

आता सांगा, काय करायचं असतं? हाक मारायची असते. एवढंच. पण हाक मारली असती तर ती बंदूक बाद झाली असती, उरलेली एक — आणि ती शुभदाची. मी बंदूक खाली ठेवली. ती बाहेर आली तेव्हा मी तीच तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही घे. तुझ्यासाठीच बनवलीये बघ." तिनं खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाली, "तू म्हणतेस ना, बस."

दुरुस्त करून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. काहीतरी निमित्त काढून बंदूक मिस्त्रीकडे न्यायची. पण निमित्त काय सांगणार? आणि दर रविवारी ती तिच्या बंदुकीनं नेम धरायची, काही व्हायचं नाही, आणि मला वाटायचं, त्या दिवशी माझाच हात चुकला असेल. आपल्याला हवं ते किती पटकन खरं वाटायला लागतं, नाही?

आमच्या क्लबात एक रीत आहे. ज्याची फेरी संपली त्यानं पुढच्याच्या मागे चालायचं आणि त्याचे हात बघायचे. शॉटगनचं काम झालं की सेफ्टी लावून ती नळी खाली करून पिंपात ठेवायची आणि पुढे पळायचं. सेफ्टी लागली की नाही, हे मागच्यानं बघायचं. वाद झाला तर त्याचा शब्द शेवटचा. हिवाळ्यातल्या त्या स्पर्धेत शुभदाच्या मागे मी होते.

तिनं शेवटचं मातीचं तबक उडवलं; बंदुकीत एक काडतूस उरलं होतं. बटण दाबलं. मी पाहिलं — तर्जनीनं, नीट, पुरतं दाबलं. बंदूक पिंपात सोडताना तिचं बोट चापाला कडेनं घासलं आणि बार झाला. पिंपाचा तळ फाटला. ती उभीच होती, खाली बघत होती, आणि मग बसली. डावं पाऊल बुटासकट — नाही, ते मी सांगत नाही. डॉक्टरांनी घोटा वाचवला, बोटं गेली.

समितीनं बंदूक तपासली. सरळ चाप ओढून पाहिला असणार, सेफ्टी धरत होती. मग मला विचारलं, मॅडम, आपने देखा, सेफ्टी लगी थी? तेव्हा मी काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. पण लागली होती म्हटलं, तर बंदूक खोलणार. बंदूक खोलली, तर ती कुणी निवडली ते निघणार. मी म्हटलं, "मैंने नहीं देखा. शायद जल्दी में भूल गई." शायद — हा शब्द मी जोडला, तो कुणी मागितला नव्हता. शुभदाचं सदस्यत्व गेलं, परवानाही गेला. तिची बंदूक जमा झाली. माझ्या बंदुकीनं पुढे मी बक्षिसं मिळवली.

शुभदानं महिनाभर सगळ्यांना सांगितलं, मी लावली होती, मला आठवतंय. मग एक दिवस ती म्हणाली, बहुतेक विसरलेच असेन. तिथून तिचं सुरू झालं. निघताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायची, अर्ध्या रस्त्यातून परत यायची. गॅस बंद केला का म्हणून मला फोन करायची, किल्ली आहे तुझ्याकडे, जाऊन बघ ना. मी जायची, बघायची. गॅस नेहमी बंदच असायचा. गाडी चालवायचं तिनं सोडलं, पायामुळे नाही. मला भरवसा नाही गं माझा, म्हणाली. इतकी चोख बाई, जिच्या फाइलीत कधी टाचणी वाकडी नसायची. तिची बोटं गेली ती बंदुकीनं गेली असं म्हणून मी स्वतःला थोडं सोडवू शकते. हे कशानं गेलं?

गेल्या दिवाळीत तिची मुलगी बाळाला घेऊन आली. पहिलंच नातवंड. मी फराळाचं घेऊन गेले तर मायलेकी बाहेरच्या खोलीत होत्या, जावई खाली गाडीपाशी होता. मुलीनं बाळ शुभदाच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, आई, जरा सांभाळ, मी आणि हे बाजारात जाऊन येतो. शुभदानं बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलगी आत चप्पल शोधत होती. शुभदा हळूच म्हणाली, "तू होतीस तिथं. खरं सांग मला. माझा हात खरंच विसरला होता ना त्या दिवशी? तसं असेल तर मी याला एकटीनं घेणार नाही."

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिनं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. समिती नव्हती, परवाना नव्हता, कुणी ऐकत नव्हतं. बाळ झोपलं होतं आणि तिचे दोन्ही हात त्याच्याखाली इतके नीट होते.

मी म्हटलं, "हो. विसरला होता."

तिनं मान हलवली, मुलीला हाक मारली आणि बाळ परत दिलं.