बोटीवरचं आईचं पान

समुद्रावर जाऊन जेवणावरून भांडलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच बाई असेन. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. भांडायला कारण होतं आणि ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं घर नाशिकचं, पंचवटीतलं. वडील उपाध्ये होते. बाहेरगावचे यजमान श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यायचे आणि विधी उरकले की त्यांचं जेवण आमच्याच घरी असायचं. कधी दोघं, कधी पंधरा, आणि नेमके किती ते बऱ्याचदा ते दारात उभे राहिल्यावरच कळायचं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, सगळा स्वयंपाक आई सोवळ्यात एकटी करायची. आधी यजमान जेवायचे, मग वडील आणि बरोबरचे गुरुजी, मग आम्ही मुलं, मग घरातल्या बाकीच्या बायका आणि सगळ्यांत शेवटी आई. तोवर भात गार होऊन त्याचे गोळे झालेले असायचे. भाजीच्या पातेल्यातच भात कालवून ती ओट्यापाशी बसून जेवायची. तिला गरम पोळी खाताना पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

वडील गेले. दादा अंबडच्या कारखान्यात, मी बँकेत, त्यामुळे उपाध्येपण त्यांच्याबरोबरच संपलं. यजमान यायचे थांबले, पण आईचं शेवटी जेवणं काही थांबलं नाही. आता घरात माणसं पाच, पोळ्या लाटायला बाई येते, तरी सगळ्यांचं होईपर्यंत आई आपली डब्यांची झाकणं लावत हिंडते. "बस ना गं," म्हटलं की "तुमचं होऊ दे" हे उत्तर ठरलेलं.

तिची पंच्याहत्तरी आली तेव्हा दादाच्या मनात मंगल कार्यालय घेऊन तीनशे पानं उठवायची होती. म्हणजे आई पुन्हा भरजरी लुगड्यात घाम पुशीत "पोटभर जेवलात ना? मठ्ठा घ्या ना अजून" करत पंगतीतून फिरणार. मी कडाडून विरोध केला. मी म्हटलं, आईला अशा ठिकाणी न्यायचं जिथे तिला शिरायला स्वयंपाकघरच सापडणार नाही. हे सोपं नाही. नातेवाइकांकडे नेलं तर ती पदर खोचून आत जाते. वणीला देवीच्या दर्शनाला गेलो होतो तर तिथल्या भक्तनिवासात मावशींबरोबर मेथी निवडत बसली होती. म्हणून मी बोट सुचवली. मुंबईहून सुटणारी, तीन रात्रींची. माझी इच्छा एवढीच होती की आईनं एकदा तरी आम्हा सगळ्यांबरोबर टेबलाशी बसावं, आमच्याबरोबरच तिचं पान वाढलं जावं आणि तिनं ते गरम असताना खावं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईसाठी ही फार मोठी मागणी आहे असं मला वाटत नव्हतं.

आम्ही आठजण निघालो. आई, दादा, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, मी, माझा नवरा आणि आमची मुलगी.

बोटीवर जेवायला जागांची काही कमी नव्हती. वरच्या डेकवर बुफे होता. तिथे ताट धरून रांगेत उभं राहायचं, आणि ढोकळ्यातला चमचा पुढच्यानं पास्त्यात घातलेला असायचा. शिवाय दोन खास रेस्टॉरंटं होती, तिथे जेवायचे वेगळे पैसे. अख्ख्या बोटीचं भाडं भरून वर परत जेवायचे पैसे, म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि जिलबी विकत द्यायची. आणि मग मुख्य डायनिंग हॉल. पांढरे टेबलक्लॉथ, काचेची झुंबरं, दोन पाळ्या, आणि प्रत्येक कुटुंबाला ठरवून दिलेलं टेबल. आमचं टेबल दुसऱ्या पाळीला, अगदी खिडकीशी. मला हवं होतं ते हेच. मी मनातल्या मनात आईला खिडकीकडची खुर्चीसुद्धा देऊन टाकली होती.

पहिल्या दिवशी उन्हं अजून डेकवर होती तेव्हा आईच्या केबिनमधला फोन वाजला. तिच्या जेवणाची वेळ झाली होती, तिनं खालच्या मजल्यावर यावं. आम्हाला वाटलं काही घोटाळा आहे. गळ्यात अडकवलेली कार्डं काढून बघितली, तर आमच्या सात कार्डांवर खिडकीचं टेबल आणि आईच्या कार्डावर लिहिलेलं 'जैन'. जैन जेवण सूर्यास्ताच्या आत, वेगळ्या दालनात.

मी दादाकडे बघितलं.

"अगं, एजंटनं फोनवर विचारलं, कुणाला काही पथ्य आहे का," दादा म्हणाला. "मी म्हटलं, आई कांदा-लसूण खात नाही. तो म्हणाला, मग त्यांना जैन लावतो."

"आई कांदा खात नाही?"

"कुठे खाते?"

कुठे खाते! पिठलं-भाकरी असली की मुठीनं कांदा फोडून खाणारी बाई आहे ती. यजमानांच्या स्वयंपाकात कांदा नसायचा आणि चातुर्मासात ती खात नाही, हे खरं. पण आम्ही गेलो होतो डिसेंबरात. हा माणूस पंचावन्न वर्षं तिच्या हातचं जेवला आणि आपली आई काय खाते हे त्याला ठाऊक नाही. कसं असणार? ती जेवायची तेव्हा हा ढेकर देऊन ओसरीवर गेलेला असायचा. वर जैन म्हणजे बटाटासुद्धा नाही, आणि बटाटा म्हणजे आईचा जीव की प्राण.

"असू दे गं," आई म्हणाली. "थांबली असतील ती माणसं. मी जाऊन येते."

मी तिला दारापर्यंत सोडलं. आत मोजकीच माणसं होती. एका मोठ्या मिशांच्या वाढप्यानं तिला खुर्ची ओढून दिली आणि ती अवघडून बसली. अनोळखी माणसांत, भरदुपारी म्हणावं अशा वेळी, आईला पाहुण्यासारखं टाकून मी परत आले. मला रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा संताप मला जास्त जमतो.

रात्री आम्ही सात माणसं आठांच्या टेबलाशी बसलो. खिडकीकडची खुर्ची रिकामी. दादानं काय करावं? वाढप्याला हाक मारून ती खुर्ची काढायला लावली.

"पाय तरी नीट पसरता येतील," तो म्हणाला.

सूप तसंच टाकून मी उठले आणि सरळ हॉलच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, आमची आई जैन नाही, तिला आमच्या टेबलावर घ्या. ती गोड हसून म्हणाली, "मॅम, सिस्टीममध्ये आता चेंज होत नाही." मी स्वतः आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे. 'सिस्टीममध्ये होत नाही' याचा अर्थ 'मला उठायचं नाही' असा असतो, हे मला कुणी सांगायला नको. मी तिला तेही सांगितलं. मॅनेजर आला, तोही गोड हसला. नवरा मागून येऊन माझ्या कानात "जाऊ दे ना, लोक बघतायत" म्हणाला. बघू देत की. नाशिकहून मी काही तोंड लपवून आले नव्हते.

टेबलावर परतले तर दादा शांतपणे पनीर खात होता. "आईनं तक्रार केलीय का?" त्यानं विचारलं.

"तिनं आयुष्यात कधी तक्रार केलीय?"

"मग तुला कसला एवढा पुळका?"

या प्रश्नावर मी जे बोलले ते मुलांसमोर बोलायला नको होतं असं वहिनींचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काउंटर. मॅनेजरनं मला लांबूनच ओळखलं आणि या वेळी सिस्टीम अगदी मुकाट्यानं बदलली. संध्याकाळी मी स्वतः आईला तयार केलं. मोरपिशी नारायणपेठ नेसवली, केसांत मोगऱ्याच्या गजऱ्याऐवजी तिची मोत्यांची पिन लावली, कारण गजरे बोटीवर मिळत नव्हते. खिडकीची खुर्ची परत मागवून घेतली. आई बसली. बाहेर अंधार होता, काचेत आम्हा आठजणांचं टेबल दिसत होतं, आणि मला वाटलं, जिंकले.

वाढप्यानं सगळ्यांबरोबर तिच्यापुढे बशी ठेवली. गरम बटाट्याची भाजी होती, मी मुद्दाम सांगितली होती. तिनं पहिला घास घेतला असेल नसेल, तोच धाकटा भाचा म्हणाला, "आजी, यात ढोबळी मिरची आहे, तू काढून दे ना." आईनं त्याची बशी ओढली आणि मिरच्या निवडल्या. तेवढ्यात मोठा म्हणाला, त्याला हे सूपच नको, आजीनं घ्यावं. आईनं घेतलं, टाकायचं कसं म्हणून.

"आई, ती शेंगदाण्याची चटणी आणलीस ना?" दादा म्हणाला. "काढ की जरा. यांच्या जेवणाला चवच नाही."

आईनं पर्समधून चटणीची बाटली काढली. बसून हात पोचेना म्हणून उठली आणि एकेकाच्या पानात चमच्यानं वाढत टेबलाभोवती फिरली. वाढपी "माँजी, आप बैठिए, मैं देता हूँ" म्हणत मागे आला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. वहिनी म्हणाल्या, "आई, इकडं थोडी कमी घाला, धाकट्याला तिखट लागतं." माझ्या नवऱ्यानं "तुमच्या हातची चव कुठेच नाही, आई" असं म्हणून बशी पुढे केली. मीही म्हटलं, "मला पण थोडी दे." माझ्या मुलीनंही ताट सरकवलं.

आई फेरी पुरी करून खुर्चीपाशी आली तेव्हा तिची बशी जागेवर नव्हती. दुसऱ्या एका वाढप्याला वाटलं हिचं झालं, त्यानं ती उचलून नेली होती. घासभर खाल्लेली बटाट्याची भाजी.

"असू दे," आई म्हणाली. "झालंच होतं माझं."

माझा ताबा सुटला. लाज कशी वाटत नाही, म्हटलं, एक दिवस, एक वेळ तिला नीट जेवू देता येत नाही? दोन दोन हात असून पुढ्यात वाढलेलं खाता येत नाही? हॉलमधली पाच-सहा टेबलं वळून बघायला लागली. दादानं रुमालानं तोंड पुसलं.

"चटणी तूही मागितलीस," तो म्हणाला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी आणखी मोठ्यानं बोलू लागले. तेव्हा आईनं बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "उद्या मी खालीच जेवेन."



"खाली? तिथं, एकटी?" मी विचारलं.

"एकटी कुठं? शेजारी एक सुरतेच्या बाई असतात. त्या त्यांचं खातात, मी माझं खाते." तिनं क्षणभर विचार केला. "तो मिशाळ माणूस एकच फुलका आणतो, तव्यावरनं. तो संपला की दुसरा आणतो. किती हवेत म्हणून विचारत नाही, मी हात आडवा केला की थांबतो. काल मी चार खाल्ले."

आईनं चार फुलके खाल्लेले आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते. घरी ती दोनावर उठते, आणि तिला भूकच कमी हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"पण तिथं बटाटा नाही, आई."

"बटाटा घरी खाईन," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा काउंटरवर गेले. मॅनेजरचं हसणं आता पार आटलं होतं. आईचं परत जैन करा, म्हटलं, आणि माझंही करा. आईला एकटं जेवू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. बाकीच्यांनी बसावं खिडकीशी, पसरावेत पाय. आई आणि मी दोघी खाली जेवू, समोरासमोर, गरम फुलके. रात्रभर मी त्यांच्यावर चिडत हाच बेत रचला होता आणि मला तो फार आवडला होता.

उन्हं असतानाच आम्ही दोघी खाली निघालो. आई जिन्यावर माझा हात न धरता उतरली. दालनाच्या दाराशी मिशाळ वाढप्यानं तिला बघून मान लववली. मी माझं कार्ड पुढे केलं, तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं.

"तू नको येऊस," ती म्हणाली.

"का? मी काही मागणार नाही. पाणीसुद्धा मागणार नाही."

"तुझं काही चुकत नाही गं. पण तू समोर बसलीस की माझं लक्ष तुझ्या पानात जातं. काय संपलं, काय हवंय. माझा हात वाढायलाच जातो." तिनं माझ्या दंडावरची पकड सोडली आणि पदर नीट केला. "आजचा एकच दिवस उरलाय. मला जेवू दे."